घोड्याचें तोंड आणि स्वाराचा हात

लगाम हा शब्द मराठी बोलींत इतका मुरला आहे, कीं तो फारसींतून आलेला पाहुणा आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. उधळ्या माणसाच्या खर्चाला लगाम घालावा लागतो, वाचाळाच्या जिभेला लगाम घालावा लागतो, आणि कोणाचेंच न ऐकणारा मनुष्य बेलगाम ठरतो. या सर्व बोलण्यांत लगाम म्हणजे आवर आणि आवर म्हणजे हिताची गोष्ट, असें गृहीत धरलेलें असतें. परंतु ज्याच्या तोंडांत तो प्रत्यक्ष बसतो, त्या मुक्या प्राण्याची बाजू या वाक्प्रचारांत कोठेंच येत नाहीं. कांहीं घोडे लोखंड तोंडाजवळ आणतांच मान उंच उडवितात, जीभ बाहेर काढतात, दांत खातात, बाग किंचित् ओढली तरी मागें सरतात किंवा उधळतात. अशा घोड्याला खोडकर म्हणून मोकळें होणें सोपें असतें. पण तो खोडकर नसून केवळ तोंडाचा नाजूक असला तर? तोंडांत लोखंड न घालतां त्याला चालवितां येईल काय, आणि येत असेल तर कोणत्या साजानें? हा प्रश्न आजकालच्या हौशी स्वारांचा वाटतो. परंतु त्याचा इतिहास चार हजार वर्षांहून अधिक जुना आहे, आणि त्या इतिहासांतच त्याचें उत्तर दडलेलें आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करणें इष्ट होईल. व्यवहारांत ज्याला सरसकट लगाम म्हणतात त्याचे वस्तुतः तीन भाग असतात. डोक्यावरून व गालांवरून फिरणारा चामड्याचा वा दोरीचा साज ती म्होरकी. तोंडांत आडवें बसणारें लोखंड तें कडियाळें. आणि स्वाराच्या हातांत येणाऱ्या दोन पट्ट्या त्या बागा. स्वाराचा हात बागेंतून कडियाळ्याशीं बोलतो, आणि कडियाळें घोड्याच्या तोंडाशीं. कडियाळें काढून बागा थेट म्होरकीलाच, म्हणजे नाकावरच्या पट्ट्याला, जोडल्या कीं बिनकडियाळ्याचा लगाम तयार होतो. मग हाताचें बोलणें तोंडाऐवजीं नाकाला ऐकूं येतें.

घोड्याच्या तोंडांत लोखंड बसूं शकतें, याचें कारण त्याच्या दांतांच्या मांडणींत आहे. पुढें वर सहा व खालीं सहा कापणारे दांत, मागें दळणाऱ्या दाढांच्या रांगा, आणि या दोहोंच्या मध्यें चांगली चार बोटें रिकामी जागा असते. निसर्गानें ठेवलेली ही फट मनुष्यानें हेरली आणि तेथें कडियाळें बसविलें. परंतु ही जागा रिकामी असली तरी मुकी नाहीं. तेथें जबड्याच्या हाडाची धार अगदीं वर आलेली असते. तिच्यावर मांसाची गादी नसून केवळ पातळ नाजूक त्वचा असते. ज्या मज्जातंतूमुळें मनुष्याला दाढदुखीची कळ समजते, त्याच जातीच्या मज्जातंतूच्या शाखा तेथें पसरलेल्या असतात. शिवाय जीभ तेथेंच असते. कित्येक घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढें एक लहानसा निरुपयोगी सुळका असतो, त्याला लोखंड लागलें कीं वेदना होतात. आणि सुमारें पांच वर्षांचें होईपर्यंत शिंगराचे दुधाचे दांत पडून नवे येत असतात. ही सर्व हकीकत लक्षांत घेतली, म्हणजे घोड्याचें तोंड नाजूक असणें हा अपवाद नसून नियम आहे, आणि तें बोथट होणें हीच विकृति आहे, हें कळून येईल.

मनुष्यानें घोड्याला पहिल्यानें कशानें आवरलें, हें सांगणें कठीण आहे. कारण दोरी व चामडें मातींत कुजून जातें आणि मागें कांहींच उरत नाहीं. कझाकस्तानांतील बोटाई येथें इ. स. पूर्वी ३५०० च्या सुमाराचे घोड्यांचे सांगाडे सांपडले. त्यांच्या दाढांवरील झीज कडियाळ्याची आहे, असें कांहीं संशोधकांनीं मांडलें, तर इ. स. २०२१ मध्यें दुसऱ्या संशोधकांनीं ती नैसर्गिक असल्याचें प्रतिपादन केलें. तो वाद बाजूस ठेवून डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्याकडे वळलें, तर दक्षिण इराकांतील ऊर या प्राचीन नगराकडे जावें लागतें. तेथील राजघराण्याच्या थडग्यांचें उत्खनन लेनर्ड वुली यांनीं इ. स. १९२० नंतरच्या दशकांत केलें. त्यांत शिंपल्यांची व निळ्या दगडाची जडावाची एक पेटी मिळाली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. इ. स. पूर्वी २५०० च्या सुमाराच्या त्या पेटीवर चार चाकांचे युद्धरथ आहेत. रथांना जुंपलेले प्राणी घोडे नसून गाढवाच्या कुळांतले आहेत. सिरियांत सांपडलेल्या अशा प्राण्यांच्या हाडांचें आनुवंशिक परीक्षण इ. स. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां पाळीव गाढवी आणि रानगाढव यांचा तो संकर असल्याचें निश्चित झालें. या प्राण्यांच्या तोंडांत कडियाळें नाहीं. त्यांच्या नाकाशीं कडी आहे, आणि बागा त्या कडीला बांधल्या आहेत.

महाराष्ट्रांतल्या शेतकऱ्याला हें चित्र पाहून नवल वाटणार नाहीं. बैलाला वेसण घालण्याची जी रीत तो लहानपणापासून पाहतो, तीच ही रीत होय. वेसणीचा गुण असा, कीं थोड्या ओढीनें मोठें जनावर थांबतें. दोष असा, कीं तिनें जनावर थांबवितां येतें, पण धांवत्या वेगांत डावीउजवीकडे बिनचूक वळवितां येत नाहीं. बैलगाडीच्या चालीला वेसण पुरते. वेगाला ती पुरत नाहीं.

हा वेग खऱ्या घोड्याबरोबर आला. आजच्या सर्व पाळीव घोड्यांचा मूळ वंश व्होल्गा व डॉन या नद्यांच्या खोऱ्यांतील गवताळ प्रदेशांतून इ. स. पूर्वी २२०० च्या सुमारास चोहोंकडे पसरूं लागला, असें इ. स. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून दिसतें. पुढें उरल पर्वताच्या दक्षिणेस सिंताश्ता येथील लोकांनीं, इ. स. पूर्वी २००० च्या सुमारास, आऱ्यांच्या दोन चाकांचा हलका रथ केला आणि तो मृतांबरोबर पुरला. त्यांच्या थडग्यांत हाडाच्या वाटोळ्या चकत्या मिळतात. या चकत्या घोड्याच्या ओठांच्या दोन्ही बाजूंना बसत आणि त्यांच्यामधून दोरीची वा चामड्याची पट्टी तोंडांत जाई. उजवी बाग ओढली कीं डावी चकती गालाला टेके आणि घोडा वळे. वळविण्याचा प्रश्न अशा रीतीनें सुटला. परंतु त्या चकत्यांची आंतली बाजू पाहिली, म्हणजे तेथें लहान लहान खुंट्या कोरलेल्या दिसतात; त्यांचीं टोंकें घोड्याच्या कातडीकडे आहेत. आवर घालण्याच्या साधनाबरोबर टोंचणीहि जन्मास आली, ती अशी पहिल्याच पावलाला.

भारतवर्षांतील पुरावाहि मोठा मनोरंजक आहे. ऋग्वेदाच्या पांचव्या मंडलांतील एकसष्टावें सूक्त श्यावाश्व ऋषीचें आहे. ऋषीचें नांवच काळसर घोड्यांवरून पडलेलें. त्यांत मरुतांना विचारलें आहे, कीं तुमचे घोडे कोठें आहेत आणि बागा कोठें आहेत. आणि पुढें पाठीवरच्या आसनाबरोबर नाकपुड्यांपाशीं असलेल्या नियमनाचा उल्लेख केला आहे. म्हणजे घोड्याचा आवर नाकापाशीं असणें ही कल्पना वैदिक कवीला परिचित होती. कठोपनिषदांत शरीराला रथ, बुद्धीला सारथि, इंद्रियांना घोडे आणि मनाला बागा म्हटलें आहे, तें तर सर्वांच्या परिचयाचेंच आहे. उलट कडियाळ्याला संस्कृतांत जो खलीन शब्द आहे, तो ग्रीकांच्या खालिनॉस या शब्दावरून आला, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. खलीन ग्रीकांचा आणि लगाम इराणचा. तोंडांतल्या लोखंडाचीं नांवें अशीं परदेशांतून येत राहिलीं.

वेदकाळानंतर अनेक शतकांनीं शिकंदराबरोबर आलेला नौकाधिपति निआर्कस यानें येथल्या घोड्यांचा साज स्वतः पाहिला. तो इ. स. पूर्वी ३२५ मध्यें सिंधूच्या मुखांतून आरमार घेऊन परत निघाला. त्याचें वर्णन पुढें इ. स. च्या दुसऱ्या शतकांत आरिअन या ग्रंथकारानें आपल्या भारतविषयक ग्रंथांत उतरून ठेवलें. त्याचा आशय असा: भारतीय लोक ग्रीकांप्रमाणें घोड्यावर खोगीर वा लगाम घालीत नाहींत, ते घोड्याच्या तोंडाभोंवतीं कच्च्या बैलकातड्याचा शिवलेला पट्टा बांधतात, आणि त्या पट्ट्याच्या आंतल्या बाजूस पितळेचे किंवा लोखंडाचे फारसे अणकुचीदार नसलेले कांटे बसवितात, श्रीमंत लोक ते हस्तिदंताचे करतात. तोंडांत एक लोखंडी सळई असते व तिला बागा जोडतात. बाग ओढली कीं सळई घोड्याला आवरते आणि तिच्याबरोबर नाकावरचे कांटे टोंचूं लागतात. मग घोड्याला आज्ञा मानण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

या वर्णनांतून एक धडा निघतो, आणि तो या विषयाचा कणा आहे. नाकावरचा पट्टा म्हणजे दया आणि तोंडांतलें लोखंड म्हणजे क्रौर्य, अशी सोपी वांटणी इतिहास मान्य करीत नाहीं. ज्या नाकावर मऊ चामडें बसतें, त्याच नाकावर कांटेहि बसूं शकतात. स्पेनमध्यें नाकावर बसणारी दांतेरी लोखंडी पट्टी पुढें शेंकडों वर्षें वापरांत होती, आणि तिनें घोड्यांच्या नाकांवर कायमचे वण उमटविले. साधनाची जागा बदलली म्हणून हाताचा स्वभाव बदलत नाहीं.

ही गोष्ट ग्रीसमधील झेनोफोन याच्या चांगली लक्षांत आली होती. हा सॉक्रेटीसाचा शिष्य, सेनानी आणि ग्रंथकार, इ. स. पूर्वी चौथ्या शतकांत त्यानें अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला, तो आजहि वाचला जातो. स्वारापाशीं निदान दोन कडियाळीं असावींत, असें तो सांगतो. एक गुळगुळीत आणि दुसरें खरखरीत, टोंचणारें. घोडा लोखंड दांतांत धरून अडूं लागला कीं टोंचणारें घालावें, म्हणजे तो तें सोडून देतो. आणि मग गुळगुळीत घातलें कीं त्याला हायसें वाटून तो खुषीनें काम करतो. हा उपाय आज कोणी प्रशस्त मानणार नाहीं. पण त्याच ग्रंथांत त्यानें असेंहि सांगितलें आहे, कीं घोड्यानें मान उचलून योग्य तें करतांच बाग तत्काळ सैल सोडावी. आणि जबरदस्तीनें करविलेलें काम घोड्याला समजत नाहीं, तें फटके मारून नाचविलेल्या नर्तकाच्या नाचापेक्षां सुंदर होत नाहीं. कांटेरी कडियाळें बाळगणारा मनुष्यच हें लिहितो, यांत विसंगति आहे खरी; परंतु ती विसंगति अश्वविद्येच्या साऱ्या इतिहासांत भरून राहिली आहे. घोड्याचें मन जाणणारे लोक आणि त्याचें तोंड फाडणारीं साधनें पुष्कळदां एकाच घरांत नांदलीं आहेत.

कडियाळ्यावांचून लढाई जिंकतां येते काय, असें कोणी विचारील, तर त्याला उत्तर आफ्रिकेंतील न्युमिडियन स्वारांनीं दिलें आहे. आजच्या अल्जीरियाच्या भागांतले हे स्वार लहान चणीच्या चपळ घोड्यांवर खोगिरावांचून बसत. घोड्याच्या गळ्याभोंवतीं एक दोरी आणि हातांत एक बारीक काठी, एवढाच त्यांचा साज. हॅनिबालच्या सैन्यांत ते होते, आणि इ. स. पूर्वी २१६ मध्यें कॅनीच्या रणांगणावर रोमचें प्रचंड सैन्य धुळीस मिळालें, त्यांत त्यांचा वांटा होता. पुढें इ. स. पूर्वी २०२ मध्यें झामा येथें त्यांचा राजा मॅसिनिसा रोमनांना मिळाला, तेव्हां पारडें फिरलें. रोममध्यें इ. स. ११३ मध्यें पुऱ्या झालेल्या ट्रेजनच्या स्तंभावर अशाच आफ्रिकन स्वारांचें शिल्प आहे. त्यांच्या घोड्यांच्या तोंडांत कांहीं नाहीं. परंतु हे लोक लहानपणापासून घोड्यांत वाढलेले होते. त्यांची दोरी यशस्वी झाली, ती दोरीच्या गुणामुळें नव्हे, तर स्वार व घोडा यांच्यामधील दीर्घ सहवासामुळें.

मध्ययुगीन युरोपांत चिलखत जड झालें, स्वाराचा एक हात ढालींत व दुसरा भाल्यांत गुंतला, आणि डाव्या हाताच्या एका हिसक्यानें घोडा थांबला पाहिजे अशी गरज निर्माण झाली. त्यामुळें कडियाळ्याच्या बाजूच्या दांड्या लांबत गेल्या. दांडी जितकी लांब, तितकी तरफेची शक्ति अधिक; बोटाची ओढ जबड्यावर मणाच्या ओझ्यासारखी बसूं लागली. नेपल्स येथील फेदेरीको ग्रिझोने यानें इ. स. १५५० मध्यें अश्वशिक्षणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत कडियाळ्यांच्या अनेक आकृति आहेत, आणि अडेल घोड्याला वठणीवर आणण्याचे कांहीं उपाय वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो.

याच परंपरेंतून प्रतिक्रियाहि निघाली. आंत्वान द प्लुविनेल हा फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचा अश्वविद्येंतील गुरु. त्याचा सचित्र ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. १६२३ मध्यें, प्रसिद्ध झाला. घोड्याची बुद्धि जागी करावी, त्याचा गोडवा मारूं नये, हें त्याच्या शिकवणीचें सार होय. त्यानंतर इंग्लंडचा विल्यम कॅव्हेंडिश, न्यूकॅसलचा ड्यूक, यादवी युद्धांत पराभूत होऊन अँटवर्प येथें परागंदा अवस्थेंत राहिला. प्रसिद्ध चित्रकार रूबेन्स याच्या घरांत त्यानें आपली अश्वशाळा मांडली, आणि इ. स. १६५८ मध्यें आपला ग्रंथ फ्रेंच भाषेंत छापला. तरुण घोड्याचें शिक्षण नाकावरच्या पट्ट्यावर करावें, म्हणजे त्याचें तोंड ताजें आणि हळवें राहतें, असा त्याचा आग्रह होता. येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्याला कडियाळें टाकून द्यावयाचें नव्हतें. तें पुढें नीट उपयोगी पडावें म्हणून आधीं तोंड राखावयाचें होतें. नाजूक तोंड हा त्याला दोष वाटत नव्हता. ती त्याच्या लेखीं ठेव होती.

हाच विचार समुद्रापलीकडे अगदीं निराळ्या लोकांत पूर्णत्वास गेला. अरबांनीं इ. स. ७११ मध्यें स्पेनमध्यें प्रवेश केला आणि आपली घोडेस्वारी बरोबर नेली. कडियाळ्याला अरबी भाषेंत शकीमा म्हणतात. त्या शब्दाचें स्पॅनिश भाषेंत हाकिमा झालें, आणि अर्थ मात्र पालटला. हाकिमा म्हणजे केवळ म्होरकी. लोखंडाचें नांव दोरीला मिळालें. स्पॅनिश लोकांनीं ती म्होरकी मेक्सिकोंत नेली, तेथून इ. स. १७६९ पासून कॅलिफोर्नियांत वसाहती होऊं लागल्यावर ती तेथील गुराख्यांच्या हातीं आली. इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकनांनीं तिला हॅकमोर म्हटलें. कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून केलेली जाड नाकपट्टी, हनुवटीखालीं तिची गांठ, आणि त्या गांठीला घोड्याच्या केसांच्या दोरीच्या बागा, असा हा साज. या दोरीला मेकाते म्हणतात. तो शब्द मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांचा.

कॅलिफोर्नियाचा गुराखी या कामांत घाई करीत नसे. शिंगरूं प्रथम या नाकपट्टीवर शिके. दांत पडून नवे येण्याचा काळ उलटेपर्यंत तोंडांत लोखंड जात नसे. मग कांहीं काळ बारीक नाकपट्टी आणि कडियाळें दोन्हीं एकत्र, चार बागांनीं. आणि शेवटीं केवळ कडियाळें, तेंहि बहुधा सैल बागेवर. या साऱ्याला कांहीं वर्षें लागत. अखेरीस घोड्याच्या तोंडांत जें लोखंड येई तें मोठें व भयंकर दिसे. पण तें ओढण्यासाठीं नसे. बोटांच्या इशाऱ्यानें काम होईल, इतकी तयारी झाल्यावरच तें मिळे. ज्याला ती वर्षें खर्चण्याची तयारी नव्हती त्यानें तेंच लोखंड घातलें, तर तो घोड्याचा नाश करी.

एकोणिसाव्या शतकांत लंडनसारख्या शहरांत घोडा शेतांतून रस्त्यावर आला, आणि त्याचें दुःख सर्वांच्या डोळ्यांसमोर येऊं लागलें. श्रीमंतांच्या गाड्यांच्या घोड्यांच्या माना डौलदार दिसाव्या म्हणून त्या एका आखूड पट्ट्यानें सतत वर खेंचून ठेवीत. एडवर्ड फोर्डम फ्लॉवर या गृहस्थानें इ. स. १८७५ मध्यें या पट्ट्याविरुद्ध आणि तीव्र कडियाळ्यांविरुद्ध पुस्तिका काढली. दोन वर्षांनीं, इ. स. १८७७ मध्यें, ॲना स्यूएल या बाईंचा ‘ब्लॅक ब्यूटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बालपणीं पायाला इजा झाल्यामुळें या बाईंना आयुष्यभर घोडागाडीचाच आधार होता. त्यांनीं घोड्यालाच आपली कथा सांगावयास लावली, आणि तोंडांत प्रथम लोखंड शिरतांना काय वाटतें तें घोड्याच्याच मुखानें वदविलें. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर कांहीं महिन्यांतच, इ. स. १८७८ मध्यें, त्या वारल्या. परंतु मान खेंचणारा तो पट्टा मागें पडण्यास त्यांचा ग्रंथ मोठ्या प्रमाणांत कारण झाला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा वाद पशुवैद्यांच्या प्रयोगशाळेंत आला. अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठाचे रॉबर्ट कुक यांनीं घोड्याच्या घशाचा व श्वासाचा अनेक वर्षें अभ्यास करून, कडियाळ्यामुळें घोड्याच्या श्वासांत व चालींत अडथळे येतात असें मत इ. स. १९९९ मध्यें मांडलें, आणि जबड्याखालून बागा उलटसुलट नेणारी बिनकडियाळ्याची म्होरकी लोकांपुढें ठेवली. त्यांचीं सर्वच अनुमानें सर्व पशुवैद्यांनीं स्वीकारलेलीं नाहींत. परंतु तोंडाच्या इजांविषयीं मात्र आंकडे बोलके आहेत. फिनलंडमध्यें गाडीच्या शर्यती संपतांच २६१ घोड्यांचीं तोंडें तपासण्यांत आलीं; इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाप्रमाणें शेंकडा ८४ घोड्यांच्या तोंडांत कडियाळ्याच्या जागीं ताज्या इजा होत्या. त्यांतील पुष्कळ बाहेरून दिसतहि नव्हत्या. घोडा ओरडत नाहीं, म्हणून तें दुखणें कोणाला कळलें नव्हतें इतकेंच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. नाजूक तोंडाच्या घोड्यासाठीं साज निवडावयाचा, तर पहिलें पाऊल मोच्याच्या दुकानाकडे नव्हे, तर पशुवैद्याकडे पडलें पाहिजे. दाढांच्या धारा वाढून गालाला वा जिभेला लागत असतील, पुढचा निरुपयोगी सुळका ठणकत असेल, किंवा जुनी जखम आंतून भरली नसेल, तर साज बदलून दुखणें झांकलें जाईल, बरें होणार नाहीं. त्यांतच नाकाच्या पट्ट्यानें गाल दाढांवर दाबले गेले, तर लोखंड काढूनहि वेदना कायम राहतील.

दांत निर्दोष ठरल्यावर चार प्रकार पुढें येतात. पहिला, नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना कड्या लावून त्यांना बागा जोडलेला. यांत तरफ नाहीं, गुंतागुंत नाहीं. उजवी बाग ओढली कीं नाक उजवीकडे येतें. शिंगराला आणि नवशिक्या हाताला हा सर्वांत सरळ. दुसरा, जबड्याखालून बागा उलट बाजूस नेणारा. यांत उजवी बाग ओढली कीं डोक्याच्या डाव्या अंगावर दाब येऊन घोडा वळतो. दाब पसरतो म्हणून तो सौम्य लागतो, पण बाग सोडल्यावर पट्टे घासून कधीं कधीं लगेच सैल होत नाहींत, आणि सुटका उशिरां मिळाली तर घोड्याला धडा समजत नाहीं. तिसरा, कॅलिफोर्नियाची विणीची नाकपट्टी. ही सर्वांत सुरेख. पण ती ओढण्यासाठीं नाहीं, स्पर्शानें सुचविण्यासाठीं आहे. जो सतत बाग ताणून धरतो, त्याच्या हातीं ती नाकाची साल काढते. चौथा, दोन बाजूंना लोखंडी दांड्या व हनुवटीखालीं सांखळी असलेला. यांत कडियाळें नसलें तरी तरफ आहे. नाक, हनुवटी आणि माथा या तिन्ही ठिकाणीं एकदम दाब येतो. नाजूक घोड्यासाठीं म्हणून पुष्कळ लोक हाच घेतात, कारण त्यानें घोडा थांबतो. पण निआर्कसानें पाहिलेल्या कांट्यांचा हाच नवा अवतार होण्याची भीति असते. आणि वळविण्यास तर तो वेसणीइतकाच अपुरा.

साज कोणताहि असो, तो कोठें बसतो याला महत्त्व आहे. घोड्याच्या नाकाचें हाड खालीं निमुळतें व पातळ होत जातें, आणि टोंकाशीं केवळ कूर्चा राहते. शिवाय घोडा मनुष्याप्रमाणें तोंडानें श्वास घेऊं शकत नाहीं. त्याचा सारा प्राण नाकपुड्यांत असतो. म्हणून पट्टा गालाच्या उंच हाडाच्या खालच्या टोंकापासून दोनतीन बोटांहून खालीं उतरूं नये, आणि पट्टा व नाक यांच्यामध्यें दोन बोटें सहज शिरावींत. नवा साज प्रथम कुंपणाच्या आंत, पायींच घोड्याबरोबर चालून, मग बसून मंद चालीनें वापरावा. थांबणें, वळणें आणि मागें सरणें या तीन गोष्टी घोड्याला नाकावरच्या इशाऱ्यानें नीट समजल्यावांचून त्याला मोकळ्या रस्त्यावर नेणें हें घोड्याला व स्वाराला सारखेंच घातुक आहे. आणि इतकें करूनहि एखादा घोडा नाकपट्टीपेक्षां गुळगुळीत हलक्या कडियाळ्यावर अधिक स्वस्थ राहिला, तर त्याचेंच ऐकावें. कारण निवड त्याच्यासाठीं करावयाची आहे, मताच्या अभिमानासाठीं नव्हे.

घोड्याच्या देहाचा हिशेब त्याच्यावर बसणाऱ्यानें द्यावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत चिपळूणच्या छावणींतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनीं पाठविलेलें पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पावसाळा पुरेल अशा बेतानें दाणावैरण वापरा. आतांच उधळलीत तर पुढें घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारलींत असें होईल, असा त्याचा भाव आहे. तेथें लगामाचा विषय नाहीं. परंतु मुक्या जनावराच्या यातनेचा दोष नशिबाकडे वा जनावराकडे न जातां ज्याच्या हातीं त्याचा कारभार आहे त्याच्याकडेच जातो, हा न्याय तेथें स्पष्ट सांगितला आहे. आज माथेरानसारख्या ठिकाणीं, जेथें मोटारीला मज्जाव असून घोडा हें एक वाहन आहे, अथवा तापीच्या कांठीं सारंगखेड्याच्या यात्रेंत, जेथें घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तोच न्याय लागू आहे. ज्यानें आयुष्यांत प्रथमच बाग हातांत घेतली, तो मनुष्य तोल जातांच बागेलाच लोंबकळतो. त्याच्या देहाचा सारा भार त्या क्षणीं घोड्याच्या तोंडांत उतरतो. अशा वेळीं तोंडांत लोखंड नसणें हा त्या घोड्याला मोठाच दिलासा होय.

ऊरच्या पेटीवरील नाकांतल्या कडीपासून आजच्या शिवलेल्या म्होरकीपर्यंतचा हा प्रवास पाहिला, म्हणजे एक गोष्ट मनांत ठसते. मनुष्यानें नाकांतून तोंडांत आणि तोंडांतून पुन्हां नाकावर, अशी साधनाची जागा वारंवार बदलली. पण जेथें त्याचा हात हलका होता तेथें कोणतेंहि साधन चाललें, आणि जेथें हात जड होता तेथें कोणतेंच साधन दयेचें ठरलें नाहीं. नाजूक तोंडाच्या घोड्यासाठीं लोखंड काढून ठेवणें ही चांगली सुरुवात आहे. मात्र बाग ओढतांना जेवढी तत्परता असते, तेवढीच ती सोडतांनाहि हवी. घोडा शिकतो तो त्या सोडण्यापासूनच.